पिनाक घडवणारे हात कोणत्या ट्रेडचे?

बुलढाणा जिल्ह्यात ‘सैन्यात करिअर’ म्हटलं की पहाटेचं धावणं आणि भरती एवढंच डोळ्यांपुढे येतं. पोरगा उंचीत किंवा मेडिकलला बाद झाला की घरचे खचतात. खरं तर मलकापूरहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच वरणगाव आणि भुसावळ या दोन आयुध निर्माणी, म्हणजे सैन्यासाठी शस्त्रसामग्री बनवणारे कारखाने आहेत. वर्दी नाही मिळाली, तरी सैन्यासाठी काम करायची वाट तिथून जाते.

शस्त्रांची वर्गवारी कळली की कुठलं शिक्षण कुठे कामी येतं, हेही कळतं. रायफल आणि मशीनगन ही लघुशस्त्रं. वरणगावला त्यांचीच काडतुसं बनतात. तोफा आणि रॉकेट लाँचर तोफखान्यात मोडतात, रणगाडे चिलखती वाहनांत. ‘धनुष’ तोफ 155 मिमी, 45 कॅलिबरची आहे. म्हणजे नळीचा आतला व्यास 155 मिमी आणि लांबी त्याच्या 45 पट, जवळपास 7 मीटर. एवढी नळी आतून सरळ आणि अचूक कोरायची, तर मशिनिस्ट आणि धातुशास्त्र जाणणारा अभियंता दोघेही लागतात. 44 सेकंदांत 12 रॉकेटं डागणाऱ्या ‘पिनाक’ची रचना पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत झाली, रॉकेटं ठेवायचे पॉड भुसावळला तयार होतात. तिथे फिटर आणि वेल्डरचं काम.

दुसरी वर्गवारी धोक्याची, आणि पालकांनी समजून घ्यावी ती हीच. स्फोटकांच्या पेटीवर नारिंगी चिन्हात एक आकडा असतो. 1.1 म्हणजे सगळा साठा एकदम उडू शकतो, 1.3 म्हणजे मुख्य धोका आगीचा, 1.4 म्हणजे धोका कमी. कुठल्या इमारतीत किती माल ठेवायचा, दोन इमारतींत किती अंतर सोडायचं, हे या आकड्यांवर ठरतं. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. त्यामुळे आईच्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही. पण या क्षेत्रातलं प्रत्येक काम बारुदीजवळचं नसतं, हेही तितकंच खरं.

दहावीनंतर आयटीआयचा एओसीपी म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड फारसा कुणी विचारत नाही. रासायनिक कारखान्यांत तो चालतोच, शिवाय म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या कारखान्यांत डेंजर बिल्डिंग वर्करच्या, म्हणजे स्फोटकांच्या इमारतीत काम करणाऱ्या कामगाराच्या जागा याच ट्रेडच्या, निर्माणीत अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी निघाल्या आहेत. मात्र 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, आणि यातल्या बऱ्याच जागा ठरावीक मुदतीच्या असतात. अप्रेंटिसशिप म्हणजे कायम नोकरी नव्हे. एजंट ती कायम असल्याचं सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

माझा कौल फिटर किंवा मशिनिस्टला. संरक्षणात जागा निघाली नाही, तरी हे हात कुठल्याही कारखान्यात चालतात. यंदा आयटीआयचे पसंतीक्रम भरताना मुलाला शेजारी बसवा आणि आधी त्याला काय जमतं ते विचारा.