वाढत्या अंगाचे कपडे आणि घरची शिवण

अमरावती जिल्ह्यात धामणगाव या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यामुळे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील धामणगावाच्या नावाला 'रेल्वे' हे उपपद कायमचे जोडले गेले. हा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापूस गाठी बांधून बाहेर जाऊ लागला. तोच कापूस पुढे सूत होतो, कापड होते आणि भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरत अशा ठिकाणांहून तयार माल म्हणून याच बाजारपेठेत परत येतो. ज्या घराने कापूस वेचला, त्याच घराला मुलाची विजार नव्याने विकत घ्यावी लागते. कताई, विणाई आणि रंगाई या मधल्या साखळीतील बहुतेक दुवे घराच्या आवाक्याबाहेरचे आहेत. शेवटचा दुवा मात्र सुई, दोरा आणि कात्री यांच्या बळावर घरी राखता येतो. हा दुवा म्हणजे कपडा अंगाला बसविणे, दुरुस्त करणे व वाढविणे होय.

हा विषय गृहिणींपुरता मर्यादित आहे असे मानण्याचे कारण नाही. समग्र शिक्षा योजनेतून इयत्ता पहिली ते आठवीच्या पात्र विद्यार्थ्यांना दोन गणवेश दिले जातात व त्यासाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये धरले जातात. २०२४–२५ या शैक्षणिक वर्षात कापड राज्यस्तरावरून पुरविण्यात आले व शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत महिला बचत गटांकडे सोपविण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये हा निर्णय बदलून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. व्यवस्था कोणतीही असो, कपडे ठराविक मापांत शिवले जातात आणि मुलांची अंगे ठराविक मापांची नसतात. एकाच वर्गातील दोन मुलींच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो. खांद्यावरून घसरणारा किंवा काखेत काचणारा गणवेश घालून बसलेल्या मुलीचे लक्ष फळ्यावर किती राहील, हे शिक्षकांना सांगावयास नको. असा गणवेश पुष्कळदा पेटीत पडून राहतो आणि त्यावर झालेला खर्च वाया जातो. अर्ध्या तासाच्या दुरुस्तीने तो वापरात आणता येतो.

त्यासाठी प्रथम शिवणीतील 'माया' समजून घेतली पाहिजे. शिवणीच्या आतल्या बाजूस राखलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, आणि हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याला लेकुरवाळ्या घराची चांगलीच जाण असली पाहिजे. मुलाचे अंग भरले की ही माया सोडावयाची असते. हिशेब सोपा आहे. सदऱ्याच्या एका बाजूच्या शिवणीत पुढचा व मागचा असे दोन पदर असतात. दोन बाजू मिळून चार पदर झाले. प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला, तर छातीचा घेर पूर्ण दोन इंचांनी वाढतो. मात्र सगळी माया कधीही सोडू नये. कापडाचे धागे सुटून शिवण उसवू नये म्हणून निदान पाव इंच आत राहिलाच पाहिजे. म्हणून अर्धा इंच सोडावयाचा, तर मुळात पाऊण इंच माया असावी लागते. चौथी-पाचवीच्या वर्गात मापनाचा पाठ शिकविताना हे उदाहरण घेतल्यास मुले ते विसरणार नाहीत.

हल्लीच्या तयार कपड्यांत अडचण येथेच आहे. त्यांची शिवण बहुधा ओव्हरलॉक यंत्रावर होते. या यंत्राला पाते असते आणि कडा बांधता बांधता ते जादा कापड कापून टाकते. कारखान्याच्या दृष्टीने ही बचत असेल. घराच्या दृष्टीने तो तोटाच आहे, कारण सोडावयास आत काहीच उरत नाही. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने बचत गटाला किंवा गावच्या शिंप्याला काम देताना दोन अटी आधीच घालाव्यात, असे सुचवावेसे वाटते. बाजूच्या शिवणीत पाऊण ते एक इंच माया असावी आणि खालची दुमड निदान दोन इंचांची असावी. कापड किंचित अधिक लागेल, परंतु तोच गणवेश दुसऱ्या वर्षीही अंगाला येईल.

माया सोडण्यापूर्वी जुनी टीप उसवावी लागते. ती ओढून तोडण्याची घाई करू नये. साध्या यंत्राच्या टिपेत वरचा धागा सुईचा व खालचा बॉबिनचा असतो आणि ते प्रत्येक टाक्यागणिक एकमेकांत अडकलेले असतात. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका पात्याने हलकेच कापावा व कापड उलटून दुसऱ्या बाजूचा धागा ओढावा. तो सरळ निघून येतो आणि कापड फाटत नाही. मग ओलसर फडके ठेवून इस्त्री करावी. गणवेशाचे कापड बहुधा टेरिकॉट असते, तेव्हा इस्त्री फार तापवू नये. नव्या रेघेवर आधी धावदोऱ्याने कच्चे टाके घालावेत, कपडा मुलाला घालून पाहावा, त्याला हात वर करावयास व खाली बसावयास सांगावे आणि मगच पक्की टीप मारावी. बसल्यावर जी विजार ताणते ती उभ्याने घेतलेल्या मापात बरोबरच वाटते, ही गोष्ट शिवणवर्गात फारशी सांगितली जात नाही.

विजारीची सर्वांत मोठी माया मागच्या मधल्या शिवणीत, कमरेजवळ ठेवलेली असते. कंबर सैल अथवा घट्ट करावयाची असल्यास प्रथम तीच शिवण पाहावी. लांबी कमी करावयाची असल्यास कापड कापू नये. ते आत दुमडून तुरपाई करावी. फ्रॉक किंवा परकर नव्याने शिवताना खालच्या बाजूस आडवी टक घालून ठेवण्याची जुनी पद्धत उत्तम आहे. एक इंच खोल टक उसवली की लांबी दोन इंच वाढते. टक किंवा दुमड सोडल्यावर जुन्या घडीची रेघ कापडावर उठून दिसते, शिवाय आतले न उडालेले कापड गडद असते. अशा रेघेवर जुळत्या रंगाची फीत लावावी, म्हणजे ती मुद्दाम केलेल्या शोभेसारखी दिसते. काखेत काचणाऱ्या सदऱ्याला माया नसेल, तर तेथे चौबगला जोडावा. बंड्या आणि अंगरखे शिवणारे जुने कारागीर काखेत असा चौकोनी तुकडा घालीत असत, तो हाताला मोकळीक मिळावी म्हणूनच.

वऱ्हाडातील घरांना ही काटकसर नवी नाही. नऊवारी लुगडे मधेच विरले की विरलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडीत. याला दंड घालणे म्हणत. लुगडे अगदीच जीर्ण झाले की त्याची गोधडी होई आणि गोधडी विटली की पायपुसणे. याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा ठिगळांचा, चिंध्यांचा पेहराव करून गावोगाव कीर्तने करीत हिंडले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ आज अमरावतीस आहे. तरीही ठिगळ लावलेला कपडा घालून शाळेत येण्याची मुलांना लाज वाटते, हे मान्य करावयास हवे. उपदेशाने ती जात नाही. ठिगळ नीट लावणे अधिक उपयोगी पडते. ठिगळाचा उभा धागा मूळ कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवावा, ते आतून लावावे आणि रंग जुळविण्यासाठी त्याच कपड्याच्या दुमडीतील कापड घ्यावे. गुडघ्यावर दोन्ही बाजूंना सारखी ठिगळे लावली, तर ती पाहणाऱ्याला रचनाच वाटते.

धामणगावाहून रेल्वेने वर्ध्यास जाणे सोपे आहे. त्याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे आला. तेथे भर सूतकताईवर होता. आज शाळेत टकळी राहिली नाही, पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत असे सुचविले आहे. त्यांपैकी एक दिवस गावच्या शिंप्याला शाळेत बोलावून बटण लावणे, तुरपाई करणे आणि उसवणे शिकविता येईल. हे काम मुलांनीही शिकावे. गावोगाव यंत्रावर बसणारे कारागीर बहुतांशी पुरुषच असत, हे विसरून शिवणकाम मुलींच्या गळ्यात बांधण्याची चाल अलीकडची आहे.

ज्यांना यातून मिळकत करावयाची आहे, त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तीत तरतूद करण्यात आली. यंत्र मिळाले तरी नव्या ब्लाऊजची कामे लगेच येत नाहीत. जुना कपडा बसवून देण्याची कामे मात्र येतात. पातळ सुती कापडाला ११ क्रमांकाची, मध्यमाला १४ ची आणि जाड कापडाला १६ ची सुई लावावी. वाकलेली सुई टाके चुकविते व दोष मात्र यंत्राला दिला जातो.

वेळेचे गणितही जमवावे लागते. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि नेमक्या त्याच सुमारास पेरणी व लावणीची धांदल असते. तेव्हा शेतावर जाणाऱ्या आईला सुई हातात धरण्यास सवड नसते. म्हणून मापे एप्रिलमध्ये परीक्षा संपता संपताच शाळेत घ्यावीत, सुती कापड असल्यास ते मे महिन्यात भिजवून वाळवून घ्यावे, कारण कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि दुरुस्त्या पाऊस पडण्यापूर्वी उरकाव्यात. पावसाळ्यात यंत्र पंचायतीच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत ठेवावयाचे असेल, तर ते भिंतीपासून दूर ठेवावे, तेलाचे थेंब घालून चाक रोज थोडे फिरवावे आणि खोलीची किल्ली अशा व्यक्तीकडे द्यावी की जी दुपारी गावातच असते.