वेलीला जरा मोकळं कर गं

काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, घाबरलीस तू. द्राक्षबागेच्या छाटणीला ३५ दिवस झाले, दव पडायला लागलंय, शेजारच्या बागेत केवडा रोग दिसला आणि तू पुन्हा फवारणीची तयारी केलीस. थांब जरा. खरं सांगू का, आधी मांडवाखाली उभी राहून वर बघ. आभाळ दिसतंय? जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतायत? नसतील, तर औषधाआधी कात्री हातात घे.

बघ, केवड्याच्या बुरशीला पानावर पाणी लागतं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, ओल मिळाली की तिथूनच ती आत शिरते. वारा खेळता असला की दव सकाळी लवकर सुकतं, दाटीत मात्र आतली पानं उन्हं वर आली तरी ओलीच. भुरी हा दुसरा रोग, तिचं तंत्र वेगळं. तिला पाण्याचा थेंबही नको, सावली आणि दमटपणा पुरतो. फवारा सोडून दे असं नाही म्हणत मी, पण दाट बागेत तो वरच्या पानांवरच अडतो गं.

पहिल्या वर्षी फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढायला माझा हातच धजला नाही. इतकी हिरवीगार बाग, वाटायचं, जितकी पानं तितकी गोडी. डिसेंबरात एक घड हातात घेतला, समोरून छान टपोरा. उलटा केला, तर देठाजवळच्या मण्यांवर राख फासल्यासारखी भुरी. पुढे ते मणी तडकले. तो घड अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तुला थोडा उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. घड नसलेल्या फुटी काढ, बगलफुटी खुड, घडाला चिकटलेली एक-दोन पानं काढ. मात्र घाबरून वेल उघडी करू नकोस, एक घड पोसायला साधारण १५ पानं लागतात आणि दुपारच्या उन्हाने मणी भाजतात. थॉमसन जातीचा घड मुळातच घट्ट, त्यामुळे मण्यांची विरळणी चुकवू नकोस. काढलेला पाला बागेबाहेर टाक, ओळीत नको.

जमेल गं तुला. उद्या सकाळी दहा वाजता आत शिरून एक पान उलटं कर आणि बोट फिरव. ओलं लागलं, तर मजुरांना त्याच दिवशी कामाला लाव.