विरघळणारा स्क्रू : आशा आणि मर्यादा

मोडलेले हाड सांधण्यासाठी बसविलेला धातूचा स्क्रू पुढे काढावा लागल्यास दुसरी शस्त्रक्रिया, दुसरी भूल आणि पुन्हा बुडणारी रोजंदारी कुटुंबाच्या वाट्याला येते. म्हणूनच "शरीरात विरघळणारा स्क्रू नाही का?" असे नातेवाईक आम्हांस विचारतात. असा स्क्रू आहे. त्याचे कार्य येथे थोडक्यात देत आहोत.

तो पॉलिलॅक्टिक आम्ल या बहुवारिकाचा असतो. शरीरातील पाण्याने त्याच्या साखळ्या तुटून लॅक्टिक आम्ल होते व अखेरीस पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतात. परंतु नुसते बहुवारिक हाडाइतके ताठ नसते. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये गालाच्या हाडावर बसविलेल्या अशा पट्ट्यांच्या अवशेषांभोवती सुमारे तीन वर्षांनी सूज आढळली होती.

यावर उपाय म्हणून त्यात हायड्रॉक्सिॲपटाइटचे सूक्ष्म कण मिसळतात. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग याच जातीच्या खनिजाचा असतो. या कणांमुळे ताठपणा वाढतो, आम्लता सौम्य होते आणि हाडपेशींना आधार मिळतो. नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान कण, हाडातील स्फटिकांच्या आकाराजवळचे असतात. मात्र त्यांच्या गुठळ्या झाल्यास पदार्थ उलट कमकुवत होतो.

म्हणून मांडीसारख्या भार वाहणाऱ्या हाडास आजही धातूच विश्वासाचा आहे, आणि तो प्रत्येक वेळी काढावा लागतोच असे नाही. नवे ते स्वीकारताना रुग्णाचे हित हीच आमची कसोटी राहील, अशी ग्वाही आम्ही देणगीदारांस व रुग्णांच्या आप्तांस देतो.