सुकाणूचा सैलपणा व त्याची परीक्षा

निपाणीचा तंबाखू असो वा बेळगाव परिसरातील भाजीपाला, तो बाजारात पोहोचविण्याचे काम आज पुष्कळदा लहान मालवाहू पिकअप गाडी करते. ब्रेकची काळजी मालक घेतो. सुकाणूकडे, म्हणजे स्टेअरिंगकडे, त्याचे लक्ष क्वचितच जाते. तवंदीचा घाट उतरताना मात्र गाडीतील माणसांचे प्राण या दोहोंवर अवलंबून असतात. म्हणून या भागाची परीक्षा कशी करावी, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

प्रथम रचना पाहू. वळणावर आतील चाक लहान वर्तुळात फिरते. त्यामुळे ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोनात वळावे लागते. यासाठी म्युनिकच्या लँकेन्स्पेर्गर याने १८१७ साली घोडागाडीकरिता एक युक्ती योजली. १८१८ साली अ‍ॅकरमन याने इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावर आजही पुढची चाके टाय रॉडने जोडलेली असतात. या दांड्याच्या टोकाला आपल्या खांद्यासारखा सांधा असतो : खोबणीत फिरणारा गोळा. त्यावरील रबरी टोपी फाटली की धूळ-पाणी आत शिरते, वंगण जाते आणि गोळा झिजतो.

मग गाडी सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे ओढली जाते, खड्ड्यात खडखड वाजते व टायर एका कडेने झिजतात. परंतु टायरमधील कमी हवेनेही गाडी भरकटते. म्हणून हवा आधी तपासावी.

नंतर गाडी सपाट जागी उभी करून, चाके सरळ ठेवून, स्टेअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवावे. चाक हलू लागण्यापूर्वी ते जेवढे रिकामे फिरते, त्यास गॅरेजात 'प्ले' म्हणतात. पॉवर स्टेअरिंग असल्यास या वेळी इंजिन चालू असावे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हा प्ले ३० अंशांहून अधिक असता कामा नये. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे साडेदहा सेंटिमीटर! ही कमाल मर्यादा होय; सुस्थितीतील गाडीत प्ले याहून पुष्कळच कमी असतो.

दोष नेमका कोठे आहे, हे शोधण्यास दोन माणसे लागतात. एकाने स्टेअरिंग हलवावे, दुसऱ्याने प्रत्येक सांधा बाजूने पाहावा. ज्या सांध्याचा एक भाग हलतो व दुसरा मागे राहतो, तो झिजलेला समजावा. पुढे मागील चाकांना दगड लावून, पुढचे चाक जॅकने उचलून, गाडीखाली भक्कम आधार द्यावा. चाक डावीउजवीकडे धरून हलविल्यास टाय रॉडचा दोष बहुधा कळतो. वर-खाली धरून हलविल्यास बॉल जॉइंट, किंग पिन किंवा बेअरिंगचा. या वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबताच हालचाल थांबली, तर दोष बेअरिंगचा. न थांबल्यास बॉल जॉइंटचा वा किंग पिनचा.

विद्यार्थ्यांनी ही परीक्षा वडीलधाऱ्यांसमवेतच करावी. गाडीखाली शिरू नये. दुरुस्ती कुशल मिस्त्रीकडून करवावी व त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

आमच्या कोकणीत सैल वस्तूस 'सदळ' म्हणतात. मराठीत दात्याचा हात 'सढळ' असतो. हात सढळ असणे हा गुण आहे. सुकाणू सदळ असणे हा मात्र धोका आहे. "अजून चालते आहे" एवढ्यावर समाधान मानून भरलेली गाडी घाटात नेऊ नये, हेच आमचे आग्रहाचे सांगणे.