सरासरी आणि क्षण : मध्यमान प्रमेयाविषयी थोडेसे

इतिहासाच्या शिक्षकाने कलनशास्त्रातील प्रमेयावर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु निवासी शाळेत विषयांच्या भिंती फार काळ टिकत नाहीत. विज्ञान शाखेत गेलेले आमचे माजी विद्यार्थी सुटीत भेटावयास येतात आणि विचारतात, "सर, हे मीन व्हॅल्यू थिअरम शिकून आयुष्यात उपयोग काय?" या प्रश्नास 'परीक्षेला येते' एवढेच उत्तर देणे आम्हांस कधी पटले नाही.

प्रमेयाचा आशय साधा आहे. एखादी राशी काळानुसार सलग बदलत असेल, तिचा आलेख मध्येच तुटत नसेल आणि टोकदार कोनही करीत नसेल, तर ठरावीक अवधीतील तिच्या बदलाचा जो सरासरी दर, नेमका तोच दर त्या अवधीत किमान एका क्षणी प्रत्यक्ष असतो. एसटीने १२० किलोमीटर अंतर ३ तासांत कापले. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर झाला. गाडी स्थानकांवर थांबली असेल, घाटात रेंगाळली असेल, सपाटीवर धावली असेल. तरी वाटेत कोठेतरी तिचा काटा बरोबर ४० वर होता. तो सदैव ४० च्या खाली राहता तर १२० किलोमीटर पुरे झाले नसते, सदैव वर राहता तर अंतर जास्त भरले असते. आणि काटा तर उडी मारीत नाही.

आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घ्या. लांबी सुमारे ९४.५ किलोमीटर. सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा, घाटात त्याहून कमी. सर्वत्र १०० धरले तरी हे अंतर कापण्यास ५६ मिनिटे ४२ सेकंद लागतात. कोणी ५० मिनिटांत पोहोचला, तर त्याचा सरासरी वेग ११३.४ भरतो. चालक शपथेवर सांगेल की आपण मर्यादा ओलांडली नाही. पण एका क्षणी तरी काटा ११३.४ वर होता, हे प्रमेयाने सिद्ध झालेले असते. त्यासाठी प्रत्येक वळणावर पहारा नको, दोन टोकांना दोन घड्याळे पुरतात. ब्रिटन, इटली, नेदरलँड्स या देशांत सरासरी वेगावरून दंड आकारण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

या प्रमेयाचा पाया ठरलेला विशेष प्रसंग मिशेल रोल याने १६९१ मध्ये मांडला. हा फ्रान्समधील एका दुकानदाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम. पॅरिसमध्ये लेखनिकाचे काम करून पोट भरीत तो स्वतःच गणित शिकला आणि तेथील विज्ञान अकादमीत पोहोचला. गंमत अशी की, तोच कलनशास्त्राचा कडवा टीकाकार होता. पुढे लाग्रांज आणि कोशी यांनी प्रमेयाला आजचे रूप दिले. कोशीची सिद्धता १८२३ ची. शंका घेणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात राहिले, याचे कालामसुत्त वाचलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना नवल वाटू नये.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. हे प्रमेय एकाच राशीच्या सलग बदलाविषयी बोलते. माणसामाणसांतील सरासरीविषयी नव्हे. एकाचे उत्पन्न दहा हजार, दुसऱ्याचे नव्वद हजार, सरासरी पन्नास हजार. पण पन्नास हजार मिळविणारा माणूस त्या घरात कोणीच नाही. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यांनी भारावून जाणाऱ्या वक्त्यांनी हा भेद ध्यानात ठेवला तर बरे.

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारी अहवालातील प्रगतीचा वेग घेऊन हिशेब मांडला होता : याच गतीने गेल्यास शाळेच्या वयाच्या सर्व मुलांपर्यंत शिक्षण पोहोचण्यास चाळीस वर्षे लागतील आणि मुलींपर्यंत पोहोचण्यास तीनशे. आम्ही इतिहासाच्या तासाला हा हिशेब सांगतो, तेव्हा वर्गातील मुली प्रथम हसतात, मग गप्प होतात.

त्याच रीतीने जनगणनेचे आकडे पाहू. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले, म्हणून आम्ही १९९१ पासून आरंभ करतो. सात वर्षे व त्यावरील वयाच्या अनुसूचित जातींच्या लोकांतील साक्षरता देशभरात १९९१ साली ३७.४१ टक्के, २००१ साली ५४.६९ आणि २०११ साली ६६.०७ होती. लोकसंख्या कोट्यवधींची असल्याने एकेका माणसाची भर अतिसूक्ष्म ठरते, आणि आलेख सलग मानण्यास हरकत नसते. पहिल्या दशकात भर १७.२८, म्हणजे वर्षाला सुमारे १.७३, दुसऱ्यात ११.३८, म्हणजे सुमारे १.१४. प्रमेयानुसार पहिल्या दशकात एका क्षणी वेग नेमका पहिला होता, दुसऱ्या दशकात एका क्षणी नेमका दुसरा. आता तेच प्रमेय वेगालाच पुन्हा लावा : त्या दोन क्षणांच्या दरम्यान असा एक क्षण होता, जेव्हा साक्षरता वाढत असूनही तिचा वेग उतरत होता.

प्रमाण शंभराकडे सरकू लागले की वेग मंदावणारच, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण दर तिघांमागे एक जण निरक्षर असताना शंभर फार दूर होते. तो उतार नेमका कोणत्या वर्षी, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या शाळा ओस पडल्याने वा कोणती शिष्यवृत्ती रखडल्याने आला, हे प्रमेय सांगत नाही. असा क्षण होता, एवढेच ते सांगते. तो शोधण्यासाठी दप्तरे उघडावी लागतात, गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांना विचारावे लागते. तेथे गणिताचा तास संपून आमचा तास सुरू होतो.

२०११ नंतरचा बिंदू अद्याप फळ्यावर मांडता आलेला नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढचा आकडा येईल तेव्हा अवधी दहा वर्षांचा नसेल, भाजक बदलावा लागेल, हे आमच्या विद्यार्थ्यांनी वहीत आताच लिहून ठेवले आहे.