न दुखणारी गाठ

बिडकीन व पंचक्रोशीतील भगिनींनो,

स्तनात हाताला गाठ लागली, परंतु ती दुखत नाही, कामाच्या आड येत नाही आणि शेतात कापसाची वेचणी ऐन भरात आहे, एवढ्यावरून जी स्त्री ती गाठ सुगी सरेपर्यंत अंगावर काढते, तिला माझे कळकळीचे सांगणे आहे की स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात हे खरे. तथापि कोणती गाठ निरुपद्रवी आणि कोणती घातक, याचा निवाडा शेक-लेपाने होत नाही, तो तपासणीनेच होतो. तपासणीसाठी गाठीत सुई टोचली की रोग अंगभर पसरतो, ही समजूत निराधार असून तिच्यापायी अनेकींचे मोलाचे महिने वाया जातात, याचा मला फार खेद वाटतो. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडीला खळी पडणे, काखेत गाठ येणे, हीही लक्षणे तितकीच दखलपात्र होत.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वस्तीवार अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी करीत. तेथे रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र दूर असले तरी जाणत्या हाताची योग्यता किती मोठी, हे यावरून ध्यानी यावे. तिशीनंतर अशी तपासणी करण्याची तरतूद सरकारी आरोग्यसेवेत आहे. आशाताईंना निःसंकोच विचारावे.

वाढते वय, आई-बहिणीस झालेला हा रोग, पाळी थांबल्यावर वाढलेला मेद व मद्यपान यांनी धोका वाढतो, अंगावरच्या दुधाने व नित्य श्रमाने तो काहीसा घटतो; परंतु हा रोग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या घराण्यात तो कोणासही नसतो, म्हणून त्या भरवशावर कोणी राहू नये.

गाठ लागल्यास आठवड्याच्या आत बिडकीनच्या सरकारी दवाखान्यात दाखवावी. पुढील तपासासाठी छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना शिधापत्रिका व आधार बरोबर न्यावे, म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी त्याच फेरीत होईल. आणि घरच्या कर्त्या पुरुषाने त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी सोबत जावे.