बाळंतपण झालं, बीपी राहिलं

"बाळ बाहेर आलं की बीपी जातं." घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी, खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या धाकट्या बहिणीला डिस्चार्जच्या दिवशी हे ऐकवलं. पुढे कधी दाखवायचं, असं मी विचारलं. "टाके काढायला या. बाकी काही नाही." मी पुन्हा विचारलं, तोवर पुढच्या बाईला हाक मारून झाली होती. कार्डावर बाळाचं वजन होतं, टाके होते, गोळ्या होत्या. बीपी सगळ्यात जास्त किती चढलं होतं, तेवढं मात्र नव्हतं.

धाकटी आता सदतीस वर्षांची आहे आणि तिला हृदयाच्या गोळ्या चालू आहेत.

तिचं सासर घाटावर, माहेर घाटाखाली. ओटीभरण झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. आधी पाय सुजले, मग बोटातली अंगठी निघेना, मग चेहरा. आळीतल्या बायांचं म्हणणं, "पाय त सगळ्याईचेच सुजतात बाई, काहून घाबरता?" आईने तिचं मीठ तोडलं. डोकं ठणकायला लागलं ते जागरणाने, पोटाच्या वरच्या भागात कळ आली ती पित्ताने, असं घरच्या घरी ठरलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा कुठे गाडी निघाली. बीपी 170/110, लघवीत प्रोटीन. दोन्ही कुल्ल्यांवर मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं, सिझर आणि चौतिसाव्या आठवड्यात 1800 ग्रॅमचा मुलगा. झटके येऊ दिले नाहीत. त्या रात्रीचं काम डॉक्टरीणबाईंनी चोख केलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर गप्प बसण्याबद्दल.

या दुखण्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याच्या वर जातं, बहुतेकींच्या लघवीतून प्रोटीन जातं, आणि कधी लिव्हर, किडनी, प्लेटलेट यांनाही झळ बसते. मूळ वारेत असतं. गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या वारेला भरपूर रक्त मिळावं म्हणून रुंद व्हायला हव्यात, त्या पुरेशा होत नाहीत. ठिबकची नळी जागोजागी चोंदली की झाड सुकतं, तसं बाळ खुरटतं. पण गोष्ट तिथे थांबत नाही. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते आणि ती तिच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. बोस्टनमधल्या अनंत करुमांची यांच्या गटाने त्यातलं एक प्रथिन 2003 साली दाखवून दिलं. वार पडली की ते प्रथिन ओसरतं, बीपी उतरतं, म्हणून "गेलं" असं वाटतं. रक्तवाहिन्यांचं दुखणं मात्र काही जणींच्या अंगात मुरून राहतं. काहींच्या मते त्या आधीपासूनच नाजूक असतात आणि गरोदरपणाच्या भाराखाली पहिल्यांदा उघड्या पडतात. कसंही धरलं, तरी सूचना मिळालेली असते.

आकडे गुप्त नव्हते. 2007 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी छापून आली. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला, त्यांना पुढे कायमचं बीपी जडण्याचा धोका पावणेचार पटीच्या आसपास, हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराचा दुपटीहून थोडा जास्त, पक्षाघाताचा पावणेदोन पटीच्या थोडा वर. 2011 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांत गरोदरपणातलं बीपी आणि गरोदरपणातली शुगर ही दोन्ही नावं घातली. धाकटीचं बाळंतपण त्यानंतरचं.

कळलं ते अकोल्यात. जिना चढताना धाप लागते म्हणून तिला तिथल्या एका फिजिशियनकडे नेलं. बीपी 180/110. इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "बाळंतपणात बीपी होतं का?" धाकटी हसली. "होतं, पण ते तेव्हाच गेलं." मग एकामागून एक प्रश्न. कितव्या महिन्यात सुरू झालं? बाळ आधी आलं का? किती वजनाचं? कुल्ल्यावर इंजेक्शनं दिली होती? धाप लागते म्हणून आलेल्या बाईला हा माणूस बाळाचं वजन काहून विचारतो, हे आम्हाला कळेना. जुनं कार्ड आहे का, म्हणाले. ते माहेरच्या कपाटात होतं, आणि असतं तरी त्यात बीपीचा आकडा नव्हताच. "दरवर्षी नुसतं बीपी पाहिलं असतं तरी हे चार-पाच वर्षं आधी सापडलं असतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. संताप आला तो मला.

मी जुन्या दवाखान्यात कागद मागायला गेले. "इतक्या वर्षांचे कागद कोण ठेवतं?" डॉक्टरीणबाई मोबाइलवर काहीतरी चाळत होत्या. मी इको पुढे केला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा केला आणि परत दिला. "तेव्हा माय-लेकरू दोघं जिवंत घरी नेलंत ना?" नेलं. बिल भरून नेलं. पुढे काय म्हणून विचारणाऱ्या बाईला तोडलं नसतं, तर इतकी वर्षं तिचं बीपी आतल्या आत चढत राहिलं नसतं.

ज्यांच्या घरात ओटीभरण व्हायचंय, त्यांनी निदान हे कागदाचं लक्षात ठेवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायचे असतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. तेव्हा तीन वर्षांच्या आत, खरं तर टाके काढायला जाल त्याच दिवशी मागा. त्यावर सर्वांत जास्त बीपी, लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट आणि बाळ कितव्या आठवड्यात झालं हे लिहून घ्या. माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो बाईच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये हवा. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असलेला ऐन वेळी सापडत नाही. माहेर-सासरच्या ये-जा करण्यात कार्डच आधी हरवतं.

दुसरी गोष्ट सव्वा महिन्याची. प्रीएक्लॅम्प्सियात बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा उसळतं, आणि झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. म्हणजे आपण बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत शेक-शेगडी आणि डिंकाच्या लाडवांवर ठेवतो, नेमके ते धोक्याचे दिवस. पहिल्या तीन दिवसांत एकदा आणि सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान एकदा बीपी मोजलंच पाहिजे. विटाळ पाळायचा त्यांनी खुशाल पाळावा, सिस्टरला घरी बोलवा. मोजताना बाईची पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले आणि दंड उघडा हवा. आमच्याकडे स्वेटरवरून पट्टा गुंडाळलेला मी पाहिलाय.

मीठ तोडून प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही. सरकारी दवाखान्यातल्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी मात्र धोका कमी होतो, चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन, लोहाच्या गोळीपासून वेगळ्या वेळी. त्या घरोघरी फळीवर पडून असतात. आधीच्या खेपेला हा त्रास झाला असेल तर पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्यापासून कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन देतात, पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच आणि सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी फुकट असते. बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचा असेल, तर बीपी वाढलेलं असताना माला-एनच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यापेक्षा तांबी बरी.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या आमच्या घाटाखालच्या, पूर्णाकाठच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी खारट आणि किडनीचे रुग्ण गावोगाव. बांगलादेशच्या किनाऱ्यावर खारं पाणी पिणाऱ्या गरोदर बायांमध्ये प्रीएक्लॅम्प्सिया आणि बीपी जास्त आढळलं, असा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथलं खारेपण समुद्राचं, इथलं जमिनीच्या पोटातलं, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण गरोदर बाईला नळयोजनेचं गोडं पाणी आधी मिळावं, एवढं ठरवायला ग्रामपंचायतीला अभ्यासाची वाट पाहायची गरज नाही. 12 जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, सिंदखेडराजात मातृत्वावर भाषणं करणाऱ्यांनी हाही विषय घ्यावा.

आता मुलाचं. 1800 ग्रॅमचं ते पोरगं आठव्या वर्षी चांगलं गुबगुबीत झालंय आणि आजीला त्याचं कोण कौतुक. मला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक, डॉ. आशिष बावडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध केला. जन्मतः वजन कमी आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी, अशा मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण आणि हृदयाच्या धोक्याची लक्षणं सर्वांत जास्त निघाली. त्याआधी इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी 1989 मध्ये हर्टफर्डशायरच्या जुन्या नोंदींवरून दाखवलं होतं की कमी वजनाने जन्मलेले पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त दगावले. आणि प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या आईच्या मुलांचं वरचं बीपी इतरांपेक्षा सरासरी दोन-अडीच अंकांनी जास्त भरतं. एका पोरासाठी हा फरक नगण्य, पण तो लहानपणापासून असतो.

म्हणून कमी वजनाच्या बाळाला पावडरीच्या दुधावर आणि तुपाच्या गोळ्यावर फुगवायचं नाही. अंगावरचं दूध पाजायचं, वजन चढायला हवं पण हळूहळू. तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा त्याचंही बीपी पाहायचं, लहान पट्ट्याने. मोठ्या माणसाचा पट्टा पोराच्या दंडाला लावला तर आकडा कमी येतो आणि सगळे निर्धास्त होतात. चालणं, तंबाखू-मिसरी सोडणं, लोणचं-पापड बेताने, हे सगळ्यांना पाठच आहे, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही.

उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी-शुगर फुकट तपासतात. आशाताई फॉर्म भरायला घरी येते तेव्हा वय, कंबर, तंबाखू, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, हे विचारते. बाळंतपणात बीपी होतं, बाळ आधी झालं, शुगर निघाली होती, हे तिने विचारलं नाही तरी सांगायचं आणि लिहून घे म्हणायचं. गरोदरपणात शुगर निघाली होती त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करायची, कारण त्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे सात पट असतो. आमची धाकटी आता सांगते. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ते लाल शाईने लिहून ठेवलंय.